चवीपुरतं पाणी

आमच्या शेजारी राहणाऱ्या निवृत्त शास्त्रज्ञांना सगळी गल्ली 'सार्' म्हणते. म्हैसुरात 'सर'चा उच्चार असाच होतो, मधला स्वर ताणून आणि शेवटच्या अक्षराचा पाय मोडून. त्यांच्या घरी रोज भातावर जे रस्सम असतं, ते 'सारु'. आणि कोकणातून येऊन या गावात मुक्काम टाकलेल्या आमच्या घरी आमसुलांचं जे होतं, ते 'सार'. पहिल्याच वर्षी मी वाटी घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "सार्, सार घ्या." ते काळजीने माझ्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं, मी अडखळतोय.

सारांचा सगळा जन्म अन्नाच्या शास्त्रात गेला. म्हैसूरच्या ज्या चेलुवांबा महालात राजकन्येने राहायचं, तिथे १९५० पासून लोक डाळी, फळं, मसाले आणि रस यांचं काय काय होतं ते तपासत बसले आहेत. सीएफटीआरआय म्हणतात त्या संस्थेला. रिक्षावाल्याला पूर्ण नाव सांगितलं तर तो पोचवणार नाही, ही आद्याक्षरं सांगितली की पोचवतो. देशातल्या फळांच्या रसांच्या, स्क्वॉशच्या, सिरपच्या कितीतरी कृती तिथल्या मोजपट्टीखालून गेल्या. आता अशा माणसाच्या शेजारी घर घेऊन मी सरबतं करायला लागलो, म्हणजे तालमीच्या समोर उभं राहून एकट्यानेच दंड थोपटण्यातला प्रकार झाला.

बरं, सरबत हे काही माझं वतन नव्हे. आमच्या घरी ते आजीचं होतं. तिचं पन्हं कसं करायचं, असं विचारलं तर ती सांगायची: कैऱ्या उकडायच्या, गर काढायचा, गराला बेताने गूळ, चवीपुरतं मीठ, वेलची. "आणि पाणी?" "लागेल तेवढं." बस, एवढीच कृती. गूळ बेताने, मीठ चवीपुरतं, पाणी लागेल तेवढं. यातून पन्हं करणं म्हणजे पत्त्याच्या जागी 'नेहमीच्याच ठिकाणी' असं लिहून पत्र टाकणं. पण तिचं पत्र दर वर्षी बरोबर पोचायचं. माझं अजून वाटेत आहे.

सारांकडे एक लहानशी नळी आहे, खेळण्यातल्या दुर्बिणीएवढी. टोकाच्या काचेवर दोन थेंब टाकायचे, झाकण दाबायचं, उजेडाकडे धरून एक डोळा मिटायचा. आत एक निळी पट्टी दिसते आणि ती जिथे संपते तो आकडा म्हणजे ब्रिक्स. शंभर ग्रॅम रसात साखर अंदाजे किती ग्रॅम, ते. गेल्या चैत्रात मी पन्ह्याचा पेला घेऊन गेलो तेव्हा त्यांनी आधी घोट घेतला नाही, नळी काढली. माझ्या पन्ह्याकडे एक डोळा मिटून बघितलं. "चौदा," म्हणाले. मग प्यायले आणि म्हणाले, "छान आहे." मला ते 'छान' पन्ह्याला होतं की चौदाला, हे अजून ठरवता आलेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच कैऱ्यांचं, त्याच गुळाचं, त्याच पातेल्यात केलेलं पन्हं अकरा भरलं. सार् गंभीर झाले. त्यांच्या मते एकाच कृतीचे दोन आकडे आले की ती कृतीच नसते.

मी म्हटलं, काल उकडत होतं, आज आभाळ आलंय. तहान कमी तसा गूळ कमी. ते हसले नाहीत. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

त्यांच्या संस्थेची एक गोष्ट मला फार आवडते आणि ती मी पाहुण्यांना सांगतोच. १९७७ साली कोका-कोला या देशातून निघून गेली. परकीय चलनाच्या १९७३ च्या कायद्याप्रमाणे कंपनीने आपला हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणायला हवा होता, ते तिला पटलं नाही. उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस, मंगळुरात जन्मलेले आणि मुंबईत गाजलेले. मग सरकारने ठरवलं, कोला आपणच करू. त्याचं सूत्र या म्हैसूरच्या संस्थेत तयार झालं, बाटल्या मॉडर्न फूड इंडस्ट्रीज या सरकारी कंपनीने भरल्या आणि त्या कोल्याचं नाव ठेवलं 'डबल सेव्हन'. सत्तांतराच्या वर्षाचं नाव कोल्याला! तांदळाच्या वाणांना आकडे असतात, हे आपल्याला ठाऊक आहे. पण तहान लागलेल्या माणसाने टपरीवर जाऊन 'एक सत्त्याहत्तर द्या' म्हणावं, ही कल्पना करायला एखादा अवर सचिवच हवा. १९८० साली सरकार बदललं आणि तो कोला हळूहळू विस्मरणात गेला. कोका-कोला १९९३ साली परत आली. सार् त्या काळात कॉलेजात होते, पण डबल सेव्हनचा विषय निघाला की ते आजही घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात. "चव वाईट नव्हती हो," एवढंच. मला त्यात आमच्या गावच्या, निवडणुकीत पडलेल्या पण सज्जन उमेदवाराबद्दलचा सूर ऐकू येतो.

माझी बायको बेळगावची. तिला मराठी आणि कन्नड दोन्ही सारखी येतात, आणि म्हणूनच तिला शब्दांचे अर्थ विचारायला मला कमीपणा वाटतो. या कमीपणाची किंमत मी सरबतांत मोजली आहे. सारांच्या पत्नी, ज्यांना सगळेच 'अम्मा' म्हणतात, त्यांनी एकदा मज्जिगे कसं करायचं ते सांगितलं. ताक पातळ करायचं, मीठ, हिंग, कढीपत्ता, हिरवी मिरची आणि शुंठी. मी घरी येऊन दोन चमचे सुंठ पूड घातली. तो मठ्ठा प्यायल्यावर मला तीन दिवस सर्दी झाली नाही आणि घरात कोणी माझ्याशी बोललंही नाही. कन्नडमध्ये ओल्या आल्यालाच शुंठी म्हणतात, वाळलेल्या सुंठीला वेगळं 'ओण शुंठी' म्हणावं लागतं. आपण सुंठ म्हणजे वाळलेलीच धरतो. "अहो, विचारायचं तरी!" बायको म्हणाली. पण ते नंतर.

त्याहून मोठा घोटाळा रामनवमीला. अम्मांनी देवराज मार्केटमधून 'बेलद हण्णु' आणि 'बेल्ल' आणायला सांगितलं, पानक करायचं म्हणून. मला वाटलं, एकच शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. बेलफळ म्हणजे बेलफळ, त्यात काय विचारायचं? मार्केटात केळ्यांचे घड, कुंकवाचे ढीग, मोगऱ्याचे गजरे ओलांडत मी बेलफळ शोधत फिरलो. ते मिळेना. शेवटी एका शिवमंदिराबाहेर एक म्हातारबाबा दोन बेलफळं घेऊन बसले होते, ती घासाघीस न करता घेतली. घरी आल्यावर कळलं की 'बेलद हण्णु' म्हणजे कवठ, आणि 'बेल्ल' म्हणजे गूळ. मी आणला होता तो महादेवाचा बेल. रामाच्या पानकाला शंकराचं फळ! अम्मा म्हणाल्या, "पर्वा नाही, दोघांचं पटतं." आणि बेलाचंही सरबत केलं. कवठं त्यांच्या मुलाने स्कूटरवरून आणली.

रामनवमीला या गावात जिकडेतिकडे पानक वाटतात. गुळाचं पाणी, त्यात सुंठ (इथे मात्र खरोखरच सुंठ), मिरी, वेलची, वर लिंबू. कुठे कवठाचं, कुठे खरबुजाचं. बरोबर नीरु मज्जिगे, म्हणजे पाणीदार ताक, आणि द्रोणात कोसंबरी: भिजवलेली मुगाची डाळ, काकडी, खोबरं, वर मोहरीची फोडणी. पहिल्यांदा तो द्रोण हातात आला तेव्हा मी चालायचा थांबलो. हे मी ओळखत होतो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आमच्या आळीत हेच मिळायचं. तिथे हरभऱ्याची डाळ भिजवून भरड वाटलेली, कैरी घातलेली, बरोबर पन्हं. महिना तोच, चैत्र. डाळ भिजवलेली, पेय आंबटगोड, आणि देणारी बाई 'अजून घ्या' म्हणणारी. कोसंबरी आणि कोशिंबीर या तर नावावरूनच मावसबहिणी दिसतात. पानक आणि पन्हं यांची रास जुळते की नाही, हे शब्दकोशकारांनी बघावं; माझ्या जिभेने साखरपुडा उरकून टाकला आहे.

मुलगी बेंगळुरूला असते. तिने माझ्या साठीला एक उंच काचेची बाटली पाठवली. तिच्या पोटात दुसरी जाळीदार नळी. नळीत काकडीच्या चकत्या, पुदिना, लिंबू घालायचं, बाटलीत पाणी भरायचं आणि दिवसभर पीत राहायचं. याला 'इन्फ्युज्ड वॉटर' म्हणतात, असं तिने फोनवर समजावलं. मी म्हटलं, "अगं, तुझी पणजी माठात वाळ्याची जुडी टाकायची, ते काय होतं?" ती म्हणाली, "बाबा, ते माठाचं पाणी होतं." आणि देवळात पळीभर तीर्थ मिळतं, ज्यात तुळस, वेलची आणि भीमसेनी कापूर असतो? ते तीर्थ. म्हणजे वस्तू आपल्याकडे होतीच, फक्त बाटली नव्हती.

पण बाटली आली म्हणून मी वाळा आणायला निघालो. बायकोने सांगितलं, "ग्रंधिगे अंगडीत मिळेल." मला वाटलं, ग्रंथांचं दुकान. म्हटलं, म्हैसूर हे विद्वानांचं गाव, इथे पुस्तकांच्या दुकानात वाळाही ठेवत असतील. ते निघालं काष्ठौषधींचं आणि पूजासाहित्याचं दुकान. तिथे वाळ्याला 'लावंच' म्हणतात, मुळांची जुडी कागदात बांधून देतात आणि कागद हातात घेतल्याबरोबर मे महिन्यातली दुपार नाकात येते. त्याच दुकानात 'सोगदे बेरु' म्हणजे आपलं अनंतमूळ मिळालं, तेही आणलं. मुळं धुऊन, ठेचून, पाण्यात उकळून, साखरेचा पाक घालून त्याचं सरबत होतं. रंग चहासारखा, वास मात्र जुन्या कपाटासारखा. कपाट चांगल्या घरातलं.

ग्रंथाचा विनोद इथेच संपायचा, पण संपला नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. मराठी माणसाला तो ठाऊक असतो तो त्यात जुन्या मराठीतल्या गाण्याच्या ओळी सापडतात म्हणून. पण त्याच ग्रंथात राजाने पाणी कसं प्यावं यावरही मजकूर आहे. पावसाचं, नदीचं, झऱ्याचं, विहिरीचं पाणी वेगवेगळं मानलं आहे आणि पाण्याला फुलांचा वास कसा लावावा तेही सांगितलं आहे. या ग्रंथाचं दुसरं नाव 'अभिलषितार्थचिंतामणी'. त्याचा पहिला भाग त्या नावाने इथल्याच, म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयाने छापला. म्हणजे ग्रंथाचं दुकान आणि वाळ्याचं दुकान यांत मी समजलो तेवढं अंतर नव्हतं. मी मुलीला फोन करून सांगितलं की तुझं इन्फ्युज्ड वॉटर नऊशे वर्षांचं आहे. ती म्हणाली, "बाबा, ते फ्रिजमध्ये ठेवा."

फ्रिजचं तिचं बरोबर होतं. सारांनीही तेच सांगितलं. काकडी घातलेलं पाणी बाहेर ठेवायचं नाही आणि दिवसाच्या दिवसात संपवायचं. लिंबाच्या सालीसकट चकत्या रात्रभर ठेवल्या तर पाणी कडू का होतं, तेही त्यांनी समजावलं. लिंबाच्या जातीच्या फळांत एक द्रव्य असतं जे आधी कडू लागत नाही, रस काढून ठेवला की हळूहळू कडू होतं. मोसंबीचा रस ताजाच का प्यावा, याचंही उत्तर तेच. ऐकून मला आमच्या काही नातेसंबंधांचा उलगडा झाला, पण ते इथे नको.

आता माझ्या अपराधाकडे येतो. कोकम.

कोकम सरबताची कृती सगळ्या कोकणाला येते. ओल्या, लालबुंद कोकमाच्या बिया काढायच्या, वाट्यांत साखर भरायची, काचेच्या बरणीत थर लावायचे, तोंडाला फडकं बांधून आठ दिवस उन्हात. साखर रस ओढून घेते. बरणीत तळाशी माणकासारखं काहीतरी साठायला लागतं आणि घरातली मुलं उगीच बरणीभोवती घुटमळायला लागतात. म्हैसुरात ओलं कोकम मिळत नाही. मंगळुरी माल विकणाऱ्या दुकानात 'पुनर्पुळी' म्हणून वाळलेली सालं मिळतात, ती साराला ठीक. पण सरबताला ओलंच हवं. दोन वर्षांपूर्वी मेव्हण्याने येताना चार किलो आणलं. अर्ध्या फळांनी त्याचे शर्ट रंगवले, उरलेल्याचं अमृत झालं.

ते अमृत वर्षभर टिकावं, असं मला वाटलं. सारांच्या सहवासात राहून मलाही शास्त्राची खुमखुमी आली होती. त्यांना न विचारता (आता तुम्हाला माझा स्वभाव कळला असेल) मी बाजारातून स्क्वॉशमध्ये घालतात ती पांढरी पूड आणली, पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, आणि 'चिमूटभर' घातली. चिमूट आजीची, पूड शास्त्राची. सकाळी बघतो तर माणिक विटलेलं. लाल रंग उडून बरणीत फिकट गुलाबी, आजारी दिसणारं पाणी. बायको म्हणाली, "हे काय, ब्लीच केलंत?"

सार् आले, बरणी उजेडाकडे धरून बघितली आणि पहिल्यांदाच मनापासून हसले. ती पूड लिंबू, संत्रं, अननस, आंबा अशा रसांना. कोकम, जांभूळ, करवंद यांचा लाल-जांभळा रंग तिने उडतो, त्यांना सोडियम बेंझोएट, तेही वजन करून. "आणि साखर एवढी असताना काहीच नको होतं," ते म्हणाले. साखर पुरेशी दाट असली की तीच राखण करते. म्हणजे आजीने काहीच घातलं नव्हतं तेच बरोबर होतं. पण तिचं बरोबर का होतं, हे कळायला मला एक बरणी घालवावी लागली.

आल्याच्या बाटलीचं फारसं सांगत नाही. आलं, साखर आणि पाणी बरणीत पाच दिवस ठेवून, रोज थोडं आलं-साखर भरवून फेस आणायचा, मग ते गाळून लिंबाच्या पाण्यात घालायचं आणि घट्ट बुचाच्या बाटलीत बंद करायचं, म्हणजे घरच्या घरी सोड्यासारखं फसफसतं. एप्रिलच्या उन्हाळ्यात ते किती फसफसतं, हे मला रात्री दोनला कळलं. बायको उठून बसली आणि म्हणाली, "दसरा का?" म्हैसुरात दसऱ्याला एकवीस तोफा होतात, आमच्या स्वयंपाकघरात तीन झाल्या. सकाळी सारांनी सांगितलं, आतलं यीस्ट साखर खाऊन वायू सोडतं, बाटलीला तो कोंडून ठेवायची ताकद हवी, नाहीतर वेळेत थंड करून यीस्टला झोपवायला हवं. आणि मग, आवाज खाली आणून, "ते थोडासा अल्कोहोलही करतं. तुमचं पेय निर्व्यसनी आहे असं छातीठोकपणे सांगू नका." मी आदल्याच दिवशी एक पेला अम्मांना पाजला होता. एकादशी होती. हे मी सारांना अजून सांगितलेलं नाही.

या गावात सरबतवाल्याचं खरं दुःख वेगळंच आहे. पाहुणा येतो, मी त्याच्यापुढे अनंतमुळाचं सरबत ठेवतो. तो भक्तिभावाने पितो, पेला ठेवतो, दोन मिनिटं थांबतो आणि स्वयंपाकघराकडे बघतो. कॉफीची वाट बघतो. म्हैसूरकराला तुम्ही अमृत पाजा, तो त्यानंतर फिल्टर कॉफी घेतल्याशिवाय उठणार नाही. सरबत हा त्याच्या दृष्टीने कॉफीच्या आधीचा प्रास्ताविक कार्यक्रम.

परवा सारांनी एक जुना नियम सांगितला. १९५५ च्या फळपदार्थांच्या आदेशाप्रमाणे स्क्वॉशमध्ये फळाचा रस कमीत कमी २५ टक्के लागायचा आणि थेट प्यायच्या सरबतात १०. मला आमच्या गावची लग्नं आठवली. वऱ्हाड ठरल्यापेक्षा जास्त आलं की आतून निरोप यायचा, 'पन्ह्यात दोन घागरी सोडा.' दुसऱ्या पंगतीनंतर पुन्हा दोन. चौथ्या पंगतीला जे यायचं त्यात कैरी हा केवळ दंतकथेचा भाग असे. कायद्याने ती सगळी लग्नं भेसळीत धरली गेली असती. मी हे सांगितल्यावर सार् बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्याकडे रामनवमीला पण." आणि आतून अम्मांनी आणलेलं पानक माझ्यापुढे ठेवलं. मी सहज विचारलं, हे कधी मोजलंत का? नळी समोरच्या टेबलावरच होती. त्यांनी अम्मांकडे बघितलं, मग नळीकडे, आणि ती उचलून खणात ठेवून दिली.

तर, मे महिना येतोय. बरणी धुऊन उन्हात पालथी घातली आहे. दादरहून, पुण्याहून, मिरजेहून शरावती एक्स्प्रेसने कोणी म्हैसूरला येणार असेल, तर चार किलो ओलं कोकम आणावं; फळं टोपलीत भरावीत, पिशवीत नको, आणि शर्टांपासून लांब ठेवावीत. गाडी आठवड्यातून एकदाच असते.